मुलगी माझ्याच वर्गात होती

माझी मुलगी दुसरीत गेली ती माझ्याच वर्गात आली. मला केवढा आनंद झाला होता! १९७० सालचा जून होता. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला एका लहान गावात झेडपीची शाळा होती आणि तिथं आम्ही चार शिक्षक होतो. पहिलीचे गुरुजी वयस्कर होते. मुलं मोठ्यानं पाठ म्हणाली की त्यांना पुरे व्हायचं. माझी मुलगी त्यांची फार लाडकी. कविता एकदा कानावर पडली की तिच्या तोंडी बसायची, आणि ती गोष्ट सांगायला उभी राहिली की वरच्या वर्गातली मुलंसुद्धा दारात येऊन थांबायची. "बाई, तुमची लेक वकील होणार बघा," गुरुजी म्हणायचे. मीही तसंच काहीतरी धरून चालले होते.

घरी आम्ही तिघंच. यजमान श्रीरामपूरच्या डेपोत एसटीचे कंडक्टर होते. ड्यूटी कधी मनमाडची, कधी नगरची. मुक्कामाची गाडी असली की दोन-दोन दिवस त्यांचं तोंड दिसायचं नाही. मुलीचं सगळं माझ्याकडंच होतं. शाळेत तिच्यासाठी मी एक नियम केला होता. फाटकाच्या आत मला आई म्हणायचं नाही, इतर मुलांसारखं बाई म्हणायचं. लोकांनी बोट दाखवू नये, एवढाच माझा हेतू होता.

दुसऱ्याच आठवड्यात मी श्रुतलेखन घातलं. दहा सोपे शब्द सांगितले आणि पाट्या गोळा केल्या. तिची पाटी हातात आली तेव्हा मला आधी वाटलं, पोरगी मस्करी करते आहे. कमलचं मकल झालं होतं, गवतचं वगत. नदीची वेलांटी 'द'च्या भलत्याच बाजूला होती. 'ध' लिहायचा तिथं 'घ' होता. खाली आकडे होते. सहा काढायला सांगितला होता तो तोंड फिरवून तीन झाला होता. एकवीस म्हटलं तर तिनं आधी एक लिहिला होता, मग दोन.

"हे काय लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच, बाई," ती म्हणाली. खोटं बोलत असल्यासारखा तिचा चेहरा नव्हता.

घरी आल्यावर मी तिला पुस्तक उघडून दिलं. पहिला धडा तिनं घडाघडा वाचला. मला हायसं वाटलं. मग सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडं पाहिलं, आणि धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. त्या शब्दापर्यंत पोचेपर्यंत म्हणत राहिली. तेव्हा कळलं की वर्षभर ती वाचत नव्हतीच. ऐकून पाठ केलेलं म्हणत होती, आणि पानं कुठं उलटायची हे शेजारच्या मुलीकडं बघून उलटत होती.

मला वाटलं, एवढंच ना? मी शिक्षिका आहे. दिवाळीपर्यंत करून घेईन.

त्या दिवसापासून घराची शाळा झाली. शाळा सुटली की हातपाय धुऊन ती पाटी घेऊन चुलीसमोर बसायची. मी भाकरी थापता थापता सांगायची, ती लिहायची. एक अक्षर पन्नास वेळा. मी ताटात राख पसरून तिला बोटानं गिरवायला लावलं, ज्वारीचे दाणे मांडून अक्षरं करायला लावली, पाठीवर बोटानं अक्षर काढून ओळखायला सांगितलं. पाठीवरचं ती ओळखायची. तेच पाटीवर काढलं की तिला येत नसे. आज 'घ' पक्का झाला म्हणून मी निःश्वास सोडावा आणि उद्या सकाळी तिनं त्याच 'घ'कडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघावं.

"काल तर आला होता ना तुला?"

"कालचा असा नव्हता," ती म्हणायची.

माझा संयम किती दिवस टिकला ते सांगायला हवं. श्रावण संपेपर्यंत टिकला. त्यानंतर मी मारायला लागले. आधी पाठीत धपाटा, मग पट्टी. वर्गात इतर मुलांना एक पट्टी बसली तर तिला दोन बसायच्या, कारण बाईंच्या मुलीला बाई सोडतात असं कुणी म्हणायला नको होतं. मार खाताना ती रडायची नाही, हात मागं घ्यायची नाही. घरीसुद्धा पाटी समोर आली की ती मला बाई म्हणायला लागली होती. मी त्याकडं लक्ष दिलं नाही. उलट तिला शिस्त लागते आहे असंच मला वाटलं.

ती डावरी होती. जेवायची उजव्या हातानं, कारण तेवढं मी लहानपणीच लावलं होतं. पण पेन्सिल, केरसुणी, सुरी, सगळं डाव्या हातात. शाळेतल्या एका गुरुजींनी मला सांगितलं, "बाई, दोष तिथंच आहे. डाव्या हातानं लिहिणाराची अक्षरं उलटीच पडणार. हात बदला, सगळं सरळ होईल." मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, कारण दुसरं कारण मला सापडत नव्हतं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मी तिचा डावा हात कमरेशी बांधला. शाळेत जाताना बांधायचा आणि झोपताना सोडायचा. तीन महिने तिनं असे काढले; यजमानांना मी गुरुजींचा उपाय म्हणून सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळायच्या तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहायची, कारण एक हात बांधला की तोल जातो. मी स्टाफच्या खोलीतून ते बघत असे.

हात बदलला. उजव्या हातानं ती वेडंवाकडं लिहायला लागली आणि तेही उलटंच लिहायला लागली. त्याच सुमारास ती बोलताना अडखळू लागली. "आ-आ-आई" असं. जिची गोष्ट ऐकायला पोरं दारात जमायची ती माझी मुलगी तीन शब्दांचं वाक्य पुरं करताना घामाघूम व्हायची. यजमान मुक्कामाहून आले, तिला जवळ घेऊन काही विचारलं आणि ती बोलायला लागली तसे ते माझ्याकडं बघत राहिले. मग उठून त्यांनी ती पट्टी सोडली आणि चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी रजा काढून ते तिला श्रीरामपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टरांनी तक्ता दाखवला. त्यावर अक्षरं होती. ती गप्पच राहिली. मग त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या झाडावर काय बसलंय ते विचारलं. "दोन प-पोपट. एकाची शेपटी तुटकी आहे," ती म्हणाली. डॉक्टरांना एकच दिसत होता. ते हसले. "डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. कान चांगले आहेत. पोरगी हुशार आहे. अभ्यासाचा कंटाळा करत असेल, बाई. थोडी कडक व्हा."

मी यापेक्षा कडक कशी होणार होते?

एका वैद्यांनी ब्राह्मीचा काढा दिला. जिभेवर मधात वेखंड उगाळून लावायला सांगितलं. तिनं ते सगळं मुकाट्यानं घेतलं. एकदा काढ्याची वाटी तोंडाला लावताना तिनं विचारलं, "हे प्यायल्यावर उद्या येईल?" मी म्हटलं, येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून तोंडही न धुता तिनं पुस्तक उघडलं होतं. मी परसातून पाण्याची कळशी घेऊन आत आले तर ती पानावर वाकून बसली होती. मला बघून तिनं पुस्तक मिटलं आणि दप्तरात ठेवलं.

थंडीत तपासणीला साहेब आले. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी वर्ग सारवून घेतले, तक्ते लावले. साहेब माझ्या वर्गात आले आणि म्हणाले, "कुणी वाचून दाखवेल?" कुणाला उठवायचं ते आम्ही ठरवलेलं होतं, पण ती मुलगी घाबरून गेली आणि उठलीच नाही. तेवढ्यात माझी उठली. मला वाटतं, ती माझ्यासाठी उठली. पुस्तक समोर धरून तिनं नदीचा धडा सुरू केला, आणि नवल म्हणजे पाठ म्हणताना ती अडखळत नव्हती. चढउतार घेऊन, थांबायचं तिथं थांबून तिनं अख्खा धडा म्हटला. साहेबांनी मान डोलावली. "वा! छान तयारी आहे." ते जायला निघाले आणि जाता जाता सहज तिच्या पुस्तकाकडं बघितलं. तिनं धरलेलं पान दुसऱ्याच धड्याचं होतं.

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. नदीचा धडा काढला, एका शब्दावर पेन टेकवलं. "हे वाच."

ती उभीच राहिली.

"बरं, हे?"

मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ढ आहे ती." दोन-तीन मुलं हसली. साहेबांनी हेडमास्तरांना विचारलं, "कुणाची मुलगी?" हेडमास्तरांनी खाली बघत सांगितलं, "बाईंचीच." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडं बघून नुसतं "असं होय" म्हटलं आणि ते पुढच्या वर्गात गेले.

ते गेल्यावर मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी तिला फळ्यासमोर उभं केलं आणि सगळ्या वर्गादेखत पट्टी मोडेपर्यंत मारलं. ती मोडली तेव्हा थांबले. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सुजली होती. ती एवढंच म्हणाली, "बाई, मी बरोबर म्हटलं होतं."

खरंच तर होतं. एक काना-मात्रा चुकली नव्हती.

वार्षिक परीक्षा आली. माझ्या वर्गात एका मजूर बाईची मुलगी होती. तिलाही वाचता येत नव्हतं. तिची आई परीक्षेआधी मला भेटायला आली होती. पदराखाली चार कोवळी कणसं आणली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही, उंबऱ्याशीच उभी राहून बोलली, "बाई, पोर नापास झाली तर हिचा बाप साळंतून काढून कामाला लावील. म्या दीस-रात राबून शिकवायची म्हणती. एवढ्या बारीला पुढं घाला." मी तिला सांगितलं, "न येणाऱ्याला पुढं ढकलून काय उपयोग? घरी अभ्यास घेत जा." ती म्हणाली, "मला कुठं येतंय, बाई?" आणि कणसं तिथंच ठेवून निघून गेली. मी तिच्या मुलीला नापास केलं. मग माझ्या मुलीला पास कसं करणार? हेडमास्तर म्हणाले, "बाई, हट्ट सोडा. दोन मार्कांनी काय होतंय?" मी ऐकलं नाही. निकालाच्या दिवशी मी स्वतः वर्गात दोघींची नावं वाचली. त्या दुसऱ्या मुलीला तिच्या बापानं दुसऱ्याच दिवशी उसाच्या फडावर नेलं. पुन्हा ती शाळेत दिसली नाही. आज वाटतं, माझ्या मुलीला जे होतं तेच तिलाही असणार. पण त्या दिवशी मला फक्त माझा प्रामाणिकपणा दिसत होता, आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता.

माझी मुलगी पुन्हा दुसरीत बसली. वर्षाच्या शेवटी मला न विचारता हेडमास्तरांनी तिला तिसरीत घातलं. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली, पारनेर तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेवर.

ते बहात्तर साल. प्रवरेचा पट्टा सोडून आम्ही पारनेरला आलो तर तिकडं विहिरींना तळ दिसत होते. यजमानांना बदली मिळाली नाही, ते श्रीरामपूरलाच राहिले. आठवड्यातून एकदा यायचे. मी पारनेरमध्ये खोली घेतली. माझी शाळा तिथून दोन मैलांवर होती. या वेळी मी ठरवलं, मुलगी माझ्या हाताखाली नको. परक्या शिक्षकांकडं शिकली तर कदाचित शिकेल. तिला गावातल्या एका मोठ्या शाळेत घातलं. सकाळी तिचं दप्तर भरून द्यायचे आणि मी माझ्या वाटेनं चालू लागायचे. संध्याकाळी विचारायचे, "आज काय झालं शाळेत?" ती सांगायची, "ग-गणित झालं. कविता झाली." पाटी पुसलेली असायची. मी पाटी मागायचं सोडून दिलं होतं. घरात भांडण नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

पौषात एक दिवस बाजारात तिच्या वर्गाचे मास्तर भेटले. म्हणाले, "बाई, मुलगी बरी आहे ना आता? तीन आठवडे झाले."

मी त्यांना हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मी शाळेत न जाता तिच्या मागं मागं गेले. ती शाळेच्या रस्त्यानं थोडी गेली, मग वळली, ओढा उतरली आणि माळावरून भराभर चालू लागली. अर्ध्या-पाऊण तासानं पाझर तलावाचं काम लागलं. दुष्काळी काम चाललं होतं. पाचशेक माणसं असतील. बायका खडी फोडत होत्या, घमेली वाहत होत्या. माझ्या मुलीनं दप्तर लिंबाच्या झाडाखाली ठेवलं. तिथं झोळ्यांत तान्ही पोरं होती. ती एकेका झोळीला हात लावून हलवत होती. थोड्या वेळानं कळशी उचलून तिनं बायकांना पाणी पाजायला सुरुवात केली. एका बाईशेजारी बसून हातोडी घेतली आणि खडी फोडू लागली, डाव्या हातानं. आणि ती बोलत होती. मी जवळ गेले तेव्हा मला ऐकू आलं. राजाची गोष्ट सांगत होती. कुठंही अडखळत नव्हती. बायका काम करता करता हुंकार देत होत्या.

मला बघून ती उठली. गोष्ट तिथंच थांबली.

"काय करतेस तू इथं?"

ती म्हणाली, "इ-इथं कुणी वा-वाचायला सांगत नाही."

मी तिचा दंड धरून ओढलं. शेजारची बाई हातोडी टाकून उठली. "बाई, मारू नका पोरीला. लई गुनाची हाय. आमच्या पोरास्नी न्हाई येत वाचाया, तर आमी काय त्येंचा जीव घेतो व्हय?" शिक्षिकेची मुलगी खडी फोडते हे कुणाकुणाला कळलं असेल, याची लाज माझ्या डोक्यात होती. दप्तर उचललं आणि तिला ओढत माळावरून परत आणलं. वाटेत दोनदा ती पडली.

यजमान आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सोड तिला आता. नाही येत तर नाही येत. माझ्या गाडीत रोज पन्नास माणसं बसतात, त्यातल्या तीस जणांना पाटी वाचता येत नाही. जगतातच ना ती?"

"अहो, पण ती माझी मुलगी आहे."

"तेच तर," ते म्हणाले.

मी सोडलं नाही. तिचं नाव त्या शाळेतून काढून माझ्या शाळेत घातलं, म्हणजे डोळ्यांसमोर राहील. दुष्काळानं शाळेत मुलं उरली नव्हती. आईबाप कामावर, मुलं त्यांच्यासोबत. दुपारी सुकडी वाटायची वेळ झाली की तेवढी वीसेक जमायची, खाऊन परत जायची. बाकी वेळ त्या खोलीत सातआठ मुलं, मी आणि ती. मी मारणं सोडलं होतं. आवाजसुद्धा चढवत नव्हते. पण तिनं बोलणंच बंद केलं. कविता म्हणायची नाही, गोष्ट सांगायची नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. ती माझ्याकडं बघायची तेव्हा माझ्या हातांकडं बघायची.

मार्चमधली गोष्ट. मी एक पुस्तक घेऊन तिच्या जवळ गेले. मनात एवढंच होतं की चित्रं दाखवावीत, सोबत बसावं. पुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि शेजारी टेकले. दहा वर्षांची मुलगी ती. तिच्या खालची फरशी ओली झाली. ओघळ माझ्या लुगड्यापर्यंत आला. मुलं बघत होती. ती अजिबात हलली नाही, पुस्तकावरची नजरही तिनं काढली नाही, जणू आता वाचून दाखवलं की सगळं मिटेल.

मी मुलांना सुट्टी दिली. तिला घरी नेऊन आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी शाळेत एकटीच गेले, दाखल्यांचं पुस्तक काढलं आणि तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. एकशिक्षकी शाळा, वर्गशिक्षिका मीच, मुख्याध्यापिकाही मीच. एका रकान्यात कारण लिहायचं असतं. इतर मुलांच्या दाखल्यांवर मी 'स्थलांतर' लिहीत होते, 'घरकाम' लिहीत होते. तिच्या रकान्यात 'अभ्यासात प्रगती नाही' असं लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. खरं कारण मला लिहिता आलं असतं, पण त्यासाठी रकाना फार लहान होता.

त्यानंतर ती घरात राहिली. हळूहळू थोडी बोलू लागली, तोतरेपण मात्र गेलं नाही. अठराव्या वर्षी संगमनेरकडं लग्न करून दिलं. माणसं चांगली मिळाली. शिक्षिकेची मुलगी म्हणून त्यांनी आनंदानं केली, आणि तिला वाचता येत नाही हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. मी पहिलं पत्र पाठवलं ते चार पानी होतं. जे तोंडानं बोलता आलं नव्हतं ते सगळं त्यात लिहिलं होतं; लिहिण्याच्या भरात ते तिला कोण वाचून दाखवणार हे माझ्या मनातच आलं नाही. महिन्यानं ती माहेरी आली तेव्हा समजलं, ते पत्र तिच्या नणंदेनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं होतं. माझी मुलगी मान खाली घालून ऐकत होती. सासरच्यांना तेव्हाच सगळं कळलं. त्यानंतर मी पोस्टकार्डं लिहीत गेले. 'आम्ही खुशाल आहोत, तुम्हा सर्वांची खुशाली कळवावी.' एवढंच.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा नगरला एक प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली बाई माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं एका मुलाच्या वहीचं पान सगळ्यांत फिरवलं आणि सांगितलं की काही मुलं हुशार असतात, त्यांचं पाठांतर चांगलं असतं, डोळे-कान ठीक असतात, पण अक्षर आणि आवाज यांची जोडी त्यांच्या मनात बसत नाही. हा आळस नाही, मारून तो जात नाही. वेगळ्या पद्धतीनं, सावकाश शिकवावं लागतं. तिनं फळ्यावर शब्द लिहिला: डिस्लेक्सिया. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला. माझ्या हातात पान आलं होतं ते मी पुढं द्यायचं विसरले. शेजारच्या बाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

चार दिवसांनी मी मुलीकडं गेले. ती अंगणात शेंगा निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. शब्द सांगितला. म्हटलं, "तुझा काहीच दोष नव्हता. मला ठाऊक नव्हतं गं." ती ऐकत होती, शेंगा निवडत होती.

मग म्हणाली, "धा-धाकटीचंही तसंच आहे."

तिची धाकटी मुलगी तेव्हा तिसरीत होती.

"कधीपासून?"

"पहिलीपासून."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. "तू शिकवायला आ-आली असतीस," ती म्हणाली.

मी दोन दिवस राहायचं ठरवून गेले होते. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.